मागच्यासाठी पेटणारा दिवा

संध्याकाळच्या वेळी कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर मोटार चालवायची म्हणजे पाय सतत ब्रेकवर. जनता बाजार चौक असो की माउली चौक, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून दुचाक्या मधे येतात, क्लास सुटलेली मुलं रस्ता ओलांडतात, दुकानासमोर कुणीतरी अचानक थांबतं. इतक्या दाटीतही वाहनं एकमेकांवर आदळत नाहीत, याचं मोठं श्रेय पुढच्या गाडीच्या पाठीवरच्या लाल दिव्यांना आहे. पुढच्यानं ब्रेकवर पाय ठेवला की मागच्याला ते तत्क्षणी दिसतं, आणि त्याचाही पाय ब्रेककडे जातो.

चालकाच्या मनातला निर्णय दुसऱ्याला सांगणारे दिवे मोटारीवर मुख्यतः दोन प्रकारचे असतात, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट. इंडिकेटरचा बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत टिकटिक एकदम जलद होते आणि चालकाला लगेच समजतं. ब्रेकलाइटचा बल्ब गेला तर साध्या गाडीत चालकाला काहीच कळत नाही. गाडी तशीच धावते, ब्रेक तसेच लागतात. मागून येणाऱ्याला मात्र काही दिसत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं दगावली. या अपघातांत मागून धडक बसण्याचा वाटा एक पंचमांशाहून जास्त होता. प्रत्येक धडकेमागे गेलेला बल्ब होता असं अर्थातच नाही. पण ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. पुढचा थांबतोय हे मागच्याला एक सेकंद उशिरा कळलं, तर त्याच्या हातून तेवढा रस्ता निसटलेला असतो. शंभर रुपयांच्या आत मिळणारा बल्ब तो रस्ता वाचवू शकतो, आणि बहुतेक मोटारींत तो घरच्या घरी पंधरा-वीस मिनिटांत बदलता येतो.

दिवा पेटतो कसा

ब्रेकच्या पेडलच्या वरच्या बाजूला एक छोटा स्विच बसवलेला असतो. पेडल सोडलेलं असताना ते या स्विचचं बटण दाबून धरतं. पाय टेकवला की पेडल दूर सरकतं, बटण बाहेर येतं आणि मंडल पूर्ण होतं. बॅटरीतून निघालेला विजेचा प्रवाह फ्यूजमधून, या स्विचमधून आणि लांबलचक वायरीतून मागच्या बल्बपर्यंत जातो. परतीच्या वाटेसाठी मात्र वेगळी लांब वायर नसते. बल्बच्या होल्डरजवळून निघालेली वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि प्रवाह त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. मेस्त्री ज्याला अर्थिंग म्हणतात ते हेच. फ्यूज, स्विच, बल्ब आणि अर्थिंग या चार जागा ध्यानात ठेवल्या, तर ब्रेकलाइटचा जवळपास कुठलाही बिघाड शोधता येतो.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. हा दिवा पेडलला बांधलेला आहे, वेग कमी होण्याला नाही. हॅण्डब्रेक ओढला तर तो पेटत नाही. घाट उतरताना गिअर खाली टाकून इंजिनच्या जोरावर वेग कमी केला, तरीही साध्या मोटारीत तो पेटत नाही. करूळचा घाट किंवा आंबा घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरणं योग्यच आहे. पण मागे कुणी जवळ असेल तर पेडलला अधूनमधून हलका स्पर्श करावा, म्हणजे त्याला इशारा मिळतो.

बल्बच्या पोटात

आपल्याकडे बऱ्याच मोटारींत मागच्या दिव्याला एकच बल्ब दोन कामं करतो. त्याच्या पोटात दोन तारा असतात, एक २१ वॉटची आणि एक ५ वॉटची. रात्री हेडलाइट लावले की ५ वॉटची तार मंद पेटून राहते, तो टेललाइट. ब्रेक दाबला की २१ वॉटची तार पेटते, तो ब्रेकलाइट. दुकानात हा बल्ब ‘डबल फिलामेंट’ किंवा ‘डबल कॉन्टॅक्ट’ म्हणून मागतात, आणि त्याचं प्रमाणित नाव पी-२१/५ डब्ल्यू असं आहे.

वॉटच्या हिशेबानं मोठी तार लहान तारेच्या चौपट आहे. उजेडाच्या हिशेबानं मात्र फरक कितीतरी मोठा आहे. प्रमाणित बल्बमध्ये ५ वॉटची तार सुमारे ३५ ल्यूमेन उजेड देते आणि २१ वॉटची तार सुमारे ४४० ल्यूमेन, म्हणजे बारा पटींहून जास्त. मोठी तार अधिक तापते, आणि तार जितकी तापते तितका विजेचा जास्त हिस्सा उष्णतेऐवजी दिसणाऱ्या उजेडात बदलतो. रात्री टेललाइट चालू असतानाही ब्रेक दाबल्याचं मागच्याला ठळक कळतं ते या फरकामुळे.

तारा टंगस्टनच्या असतात. हा धातू ३,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो, म्हणून एवढी उष्णता सहन करतो. तरीही तापलेल्या तारेतून टंगस्टनचे कण हळूहळू उडत राहतात आणि काचेच्या आतल्या बाजूला जमतात. जुना बल्ब काळपट दिसतो तो याच कारणानं. कण उडता उडता तारेचा एखादा भाग बारीक होतो. थंड तारेचा विद्युत-रोध तापलेल्या तारेच्या साधारण एक दशांश असतो, त्यामुळे पेटण्याच्या क्षणी तिच्यात प्रवाहाचा मोठा लोट शिरतो आणि नेमकी त्या बारीक जागी ती तुटते. राजारामपुरीतून कावळा नाक्यापर्यंत एका फेरीत ब्रेक किती वेळा दाबला जातो याचा विचार केला, तर शहरातल्या गाडीचे हे बल्ब लवकर का जातात ते लक्षात येईल.

इथेच एक फसगत होते. रात्री गाडीच्या मागे जाऊन पाहिलं, दोन्ही बाजूंना लाल दिवे दिसले, म्हणजे बल्ब ठीक आहेत असं आपण समजतो. प्रत्यक्षात ५ वॉटची तार शाबूत असते आणि २१ वॉटची तुटलेली असते. म्हणून ब्रेकलाइट तपासायचा तो पेडल दाबूनच.

आधी निदान

मदतीला कुणी असेल तर त्याला मागे उभं करून पेडल दाबावं. एकटे असाल तर अंधार पडल्यावर गाडी एखाद्या भिंतीकडे किंवा दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून उभी करा, हेडलाइट बंद ठेवा आणि पेडल दाबून आरशात पाहा. मागे लाल उजेडाचे ठिपके किती पडले ते दिसेल. आता बहुतेक मोटारींना काचेजवळ तिसरा ब्रेकलाइटही असतो, तोही मोजा.

डावा किंवा उजवा एकच दिवा पेटत नसेल, तर दोष बहुधा बल्बचा. तिन्ही पेटत नसतील, तर तिन्ही बल्ब एकदम जाण्याचा संभव कमी, म्हणून आधी फ्यूज आणि मग पेडलचा स्विच पाहावा. फ्यूज कुठला ते फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर किंवा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पात्यासारख्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल आणि १५ अँपिअरचा निळा असतो. जेवढ्याचा काढला तेवढ्याचाच घालायचा. जास्त अँपिअरचा फ्यूज घातला किंवा चांदीच्या कागदानं काम भागवलं, तर पुढच्या बिघाडात फ्यूजऐवजी वायर जळते.

पाय काढल्यावरही दिवे जळतच राहिले, तर पेडलवरचं छोटं प्लास्टिकचं किंवा रबरी बटण झिजून गळून पडलेलं असू शकतं. ते गेलं की पेडल स्विचला दाबू शकत नाही आणि दिवे रात्रभर जळून सकाळी बॅटरी उतरते. पायापाशी गालिच्यावर प्लास्टिकचे तुकडे सापडले तर कारण तिथंच मिळालं. ऑटोमॅटिक गाडी चालू असूनही गिअरचा दांडा ‘पार्क’मधून निघत नसेल, तर याच स्विचवर संशय घ्यावा. ब्रेक दाबल्याची खबर या गाड्यांच्या यंत्रणेलाही तोच स्विच देतो.

बल्ब बदलताना

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, किल्ली काढा, हॅण्डब्रेक ओढा. दिवे नुकतेच वापरले असतील तर दहा मिनिटं थांबा, बल्ब चटका देण्याइतका तापलेला असतो. हाताशी चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, सुती फडकं आणि स्क्रू ठेवायला वाटी असली की पुरे.

दिव्याकडे पोचण्याच्या दोन वाटा आहेत. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांत डिकीचं दार उघडलं की मागच्या दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढल्यावर दिव्याचं पूर्ण घर दोन्ही हातांनी धरून सरळ मागे ओढायचं. बाहेरच्या बाजूला ते प्लास्टिकच्या खुंट्यांवर अडकवलेलं असतं, म्हणून तिरकं ओढू नये, खुंटी मोडते. सेडान गाड्यांत डिकीच्या आतून जायचं असतं. कडेचं अस्तर किंवा छोटं झाकण बाजूला केलं की होल्डरची पाठ दिसते. आपल्या गाडीची वाट कुठली हे पुस्तिकेत चित्रासह असतं. ती आधी पाहावी, जबरदस्ती कुठेही करू नये.

होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवला की घरातून सुटून हातात येतो, त्यातच बल्ब असतो. बल्ब काढण्याची रीत आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक आहे. घरातला पिनांचा बल्ब जसा दाबून फिरवून काढतात, तसाच हाही किंचित आत दाबून डावीकडे फिरवायचा. पण एक फरक आहे. डबल फिलामेंट बल्बच्या दोन पिना एकाच उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली असते. ही मुद्दाम केलेली सोय आहे. बल्ब उलटा बसू नये, ५ वॉटच्या तारेला ब्रेकचा प्रवाह आणि २१ वॉटच्या तारेला टेललाइटचा प्रवाह मिळू नये, यासाठी ती आहे. बल्ब बसत नसेल तर जोर लावण्याऐवजी अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावून पाहा.

काही गाड्यांत ब्रेकलाइटचा बल्ब स्वतंत्र, एकाच तारेचा असतो. त्याच्या पिना समान उंचीवर असतात आणि बुडाला एकच टोक असतं. डबलच्या बुडाला दोन टोकं असतात. काही नव्या गाड्यांत पितळी टोपीच नसते, चपट्या काचेच्या बुडाचा बल्ब नुसता ओढून काढायचा असतो. म्हणून जुना बल्ब दुकानात घेऊन जाणं सर्वांत उत्तम. डबलच्या जागी सिंगल बल्ब ठोकून बसवला, तर बुडाचं एकच टोक दोन्ही प्रवाहांना जोडून टाकतं. मग ब्रेक दाबला की टेललाइटबरोबर डॅशबोर्डचे दिवेही पेटू शकतात.

नवा बल्ब फडक्यात धरून लावावा. हेडलाइटच्या हॅलोजन बल्बला बोट लागणं घातक असतं, कारण त्याची क्वार्ट्झची काच अतिशय तापते आणि तेलकट डागाच्या जागी बिघडते. ब्रेकलाइटच्या साध्या काचेला तेवढा धोका नाही, तरी स्वच्छ काच केव्हाही चांगली. घर पुन्हा बसवण्याआधी पेडल दाबून दोन्ही कामं तपासा, टेललाइट आणि ब्रेकलाइट. एका बाजूचा बल्ब जुना होऊन गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बदलून टाकावा. दोघांनी सारखेच ब्रेक सोसलेले असतात, त्यामुळे दुसराही फार काळ टिकत नाही.

बल्ब नवा, तरी अंधार

कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा पावसात सापडतं. दिव्याच्या घराभोवती रबराची किंवा फोमची पट्टी असते. ती कडक झाली की आत ओल जाते, काचेला आतून दव धरतं आणि होल्डरच्या पत्र्यावर गंज चढतो. तापलेल्या बल्बवर थंड पाण्याचा थेंब पडला तर काचही तडकते. तडकलेल्या बल्बमध्ये हवा शिरली की तार जळते आणि आत पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. काळपट बल्ब वयानं गेला आणि पांढुरका बल्ब हवा शिरून गेला, एवढं नुसतं पाहून सांगता येतं. पांढुरका दिसला तर नवा बल्ब लावण्याआधी पाण्याची वाट शोधून पट्टी बदला.

होल्डरमधला गंज बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं काढावा, तोही फ्यूज काढल्यानंतरच. नंतर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर दिला तर ओल लवकर धरत नाही.

ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा टेललाइट उलट मंदावतो, अशी तक्रार असेल तर अर्थिंग सुटलेलं आहे असं समजावं. पत्र्याकडे परतण्याची वाट बंद झाली की प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो, आणि तो बल्ब विनाकारण उजळतो. होल्डरपासून निघणारी, बहुधा काळी, वायर पत्र्याला जिथं स्क्रूनं आवळलेली असते, ती जागा खरवडून स्वच्छ केली आणि स्क्रू नीट आवळला की हा चमत्कार थांबतो. तरीही दोष राहिला तर वायरिंगचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावं. राजारामपुरीकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही, शेजारीच शिवाजी उद्यमनगर आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचं नाव आजही आदरानं घेणारं हे गाव, इथं यंत्राची नाडी ओळखणारा माणूस सहज भेटतो. आपण आधी बल्ब, फ्यूज आणि अर्थिंग पाहून गेलो, तर त्याचाही वेळ वाचतो आणि आपलाही खर्च.

तिसरा दिवा आणि एलईडी

मागच्या काचेजवळचा तिसरा दिवा शोभेसाठी आलेला नाही. जॉन व्होएव्होडस्की या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर असा जादा दिवा बसवून पाहिला. तो नसलेल्या टॅक्सींच्या तुलनेत त्यांना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. अमेरिकेनं १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना हा दिवा सक्तीचा केला. सगळ्याच गाड्यांना तो आल्यावर त्याचं नावीन्य ओसरलं, आणि दीर्घकाळचा फायदा ४.३ टक्के असल्याचं तिथल्या सरकारी अभ्यासात दिसलं. देशभरातल्या अपघातांच्या संख्येत ही घटही हजारोंची असते. शिवाय हा दिवा उंचावर असल्यानं, लगेच मागे असलेल्या गाडीच्या काचांतून तिच्याही मागच्याला तो दिसतो.

एलईडी दिव्याचा खरा गुण त्याच्या झटपट पेटण्यात आहे. तारेला तापून पूर्ण उजळायला क्षणभर लागतो, एलईडीला जवळजवळ वेळच लागत नाही. हा फरक सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास धरतात. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात तेवढ्यात गाडी साडेचार मीटरच्या आसपास जाते, म्हणजे एका छोट्या मोटारीच्या लांबीपेक्षाही थोडी जास्त. पण म्हणून साध्या घरात बाजारातला कुठलाही एलईडी बल्ब घालू नये. दिव्यातला आरसा तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब करून घडवलेला असतो. स्वस्त एलईडीचा उजेड भलतीकडे जातो, आणि अनेकदा टेललाइट व ब्रेकलाइट यांतला फरकच पुसट होतो. तो फरक हीच तर या दिव्याची भाषा. कारखान्यातूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीत मात्र बल्ब बदलण्याची सोय नसते, तिथं बिघाड झाला तर दिव्याचं पूर्ण घर बदलावं लागतं.

हा दिवा सगळ्यांचाच

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ब्रेकलाइट चालू असणं बंधनकारक आहे, आणि ते मोटारीपुरतं नाही. दुचाकीच्या मागच्या दिव्यातही बहुधा दोन कामांचा बल्ब असतो. तिथं पुढच्या ब्रेकला वेगळा आणि मागच्या ब्रेकला वेगळा स्विच असतो, म्हणून दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहावे लागतात.

आपल्या जिल्ह्यात तर याला आणखी महत्त्व आहे. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायर शेतात, चढउतारात तुटते, दिवा उसाखाली झाकला जातो, आणि अंधारात रस्त्याच्या मधोमध ती ट्रॉली मागच्याला जवळ येईपर्यंत दिसत नाही. रेडियमची पट्टी लावणं आवश्यकच आहे, पण ती दुसऱ्याच्या उजेडावर चमकते आणि ट्रॉली चालतेय की थांबतेय हे सांगत नाही. ते काम पेटणारा दिवाच करतो. ज्याच्या घरी मोटार आहे आणि शेतात ट्रॅक्टर आहे, त्यानं मोटारीचा बल्ब बदलताना शिकलेलं ट्रॉलीलाही लावावं. होल्डर, बल्ब, अर्थिंग, सगळं तेच असतं.

वर्षातून दोन वेळा तरी सगळे दिवे पाहावेत. एक मृगाच्या आधी, कारण पावसात आत शिरणाऱ्या पाण्याची वाट तेव्हाच बंद करायची असते. दुसरी वेळ खंडेनवमीची, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत उसाची वाहतूक सुरू होते. त्या दिवशी आपण गाडी धुतो, हार घालतो, हळदकुंकू लावतो. त्याच वेळी घरातल्या एकाला मागे उभं करून पेडल दाबावं, आणि जादा बल्बची एक जोडी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्यावी. वाहनाची पूजा करताना आपण स्वतःच्या सुखरूप प्रवासाची प्रार्थना करतो. ब्रेकलाइट तपासला की तीच काळजी मागून येणाऱ्या अनोळखी माणसापर्यंतही पोचते.